अरब देशांच्या कारभारावर संशोधन करायचंय? एका रोटीपासून सुरुवात करा

दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की मला अरब देशांमधल्या गव्हर्नन्स आणि डेव्हलपमेंटवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. विचारणारे बहुतेक एमएचे विद्यार्थी असतात, काही जण यूपीएससीचा अभ्यास सोडून इकडे वळलेले, आणि दोघी-तिघी अशा की ज्यांचे वडील पंधरा-वीस वर्षं कुवेतला नाहीतर मस्कतला होते, त्यामुळे ही नावं लहानपणापासून कानावर पडलेली. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतेय. लांबेल जरा, पण सुरुवातीच्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं असतं तर बरीच वणवण वाचली असती.

पहिली पायरी: एक देश धरा

आपल्याकडे "आखात" म्हटलं की सगळे अरब देश त्यातच येतात असं लोक धरून चालतात. आखाती सहकार परिषदेत देश सहाच आहेत, सौदी, कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि अमिराती. अरब लीगचे सदस्य मात्र २२. त्यात मोरोक्को आहे, जिथून समुद्रापलीकडे स्पेन दिसतो, आणि मादागास्करच्या वर असलेली कोमोरोसची बेटंही आहेत. इराण, तुर्कस्तान आणि इस्रायल त्याच भागात असले तरी अरब देश नाहीत, हे सांगायला नको खरं तर, पण अर्जांमध्ये हा घोळ मी इतक्यांदा बघितलाय की सांगून टाकते.

आता या २२ देशांवर मिळून काय संशोधन करणार? कतार आणि येमेनची सरासरी काढली तर जो आकडा येतो त्या आकड्यात कोणीच राहत नाही. तरी एक अहवाल सगळ्यांचा मिळून आहे आणि तो वाचावाच लागतो, कारण या क्षेत्रात जो तो त्याचाच हवाला देतो: यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, २००२ चा अरब मानव विकास अहवाल. मुख्य लेखक इजिप्तचे नादेर फर्गानी, आणि लिहिणारे अरब अभ्यासकच, म्हणून त्याला वजन आलं. त्यांनी तीन कमतरता सांगितल्या, स्वातंत्र्याची, ज्ञानाची आणि स्त्रियांना मिळणाऱ्या संधीची. शिवाय १९९९ मध्ये सगळ्या अरब देशांचं मिळून उत्पन्न ५३१ अब्ज डॉलर आणि एकट्या स्पेनचं ५९५ अब्ज, ही तुलनाही त्यातलीच. जरूर वाचा, पण वाचताना हे लक्षात ठेवा की इतक्या वेगवेगळ्या देशांना एकच निदान लावलं की औषधही एकच सुचायला लागतं.

कुठला देश घ्यायचा? नवीन असाल तर इजिप्त, जॉर्डन, ट्युनिशिया किंवा मोरोक्को बघा, तिथे सर्व्हे झालेत, कागद मिळतात, आधीचं लिखाण भरपूर आहे. येमेन, लिबिया, सीरिया, सुदान याबद्दल कळकळ वाटणं साहजिक आहे पण पहिलंच काम तिथलं घेऊ नका, युद्धामुळे आकडेवारीच तुटलेली आहे. आणि आखाती देश घ्यायचे असतील तर आपल्याकडच्या माणसाला एक मोठी सोय आहे, ती पुढे सांगते.

दुसरी पायरी: प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण निम्मे लोक इथेच अडकतात. "इजिप्तमधली अन्नसुरक्षा आणि सुशासन" हा विषय म्हणून छान दिसतो, पण त्यावर काम करता येत नाही. सोमवारी सकाळी उठून नेमकं काय बघायचं हे त्यातून कळत नाही.

मी शिकले ते इजिप्तच्या रोटीवरून. तिथे तिला ऐश बलदी म्हणतात, गव्हाची गोल, फुगलेली, खाली कोंडा लागलेली. बाकी बहुतेक अरब देशांत रोटीला खुब्ज म्हणतात, इजिप्तमध्ये मात्र ऐश, आणि ऐश म्हणजे जगणं. (आखातात काही ठिकाणी ऐश म्हणजे भात, म्हणजे जो ज्यावर जगतो ते.) २०११ च्या क्रांतीत कैरोच्या तहरीर चौकात जी घोषणा दिली जात होती तिचा पहिला शब्दच हा होता: ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया. रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय.

ही रेशनची रोटी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून ५ पियास्टरला मिळत होती. १०० पियास्टरचा एक पाउंड, म्हणजे एका पाउंडात वीस रोट्या. आणि हा भाव थेट १ जून २०२४ ला बदलला, २० पियास्टर झाला. मधल्या पस्तीसेक वर्षांत राष्ट्राध्यक्ष गेले, क्रांती झाली, लष्कर आलं, पाउंडाची किंमत कोसळली, तरी भाव तोच. का, हे कळायला जानेवारी १९७७ मध्ये जावं लागतं. राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावाखाली पीठ, तांदूळ, तेल वगैरेंच्या सबसिडीला हात लावला आणि १८-१९ जानेवारीला देशभर दंगली झाल्या, कित्येक माणसं मेली, आणि सरकारने निर्णय मागे घेतला. त्यानंतर १९८० च्या दशकात भाव हळूहळू ५ पियास्टरवर नेला, पण पुढे त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

पण भाव हलला नाही म्हणजे धोरण हललं नाही असं समजू नका. २०२० मध्ये या रोटीचं वजन ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅम केलं. भाव तोच ५ पियास्टर. आता कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करा, तेवढ्याच पैशात पीठ कमी मिळालं म्हणजे ग्रॅममागे भाव २२ टक्क्यांनी वाढला, आणि "भाववाढ" असा मथळा कुठेच आला नाही. जो फक्त भावाचा तक्ता बघत बसला त्याला हे दिसणारच नाही. मला हे जेव्हा कळलं तेव्हा मी पहिल्यांदा मान्य केलं की धोरण वाचायचं तर मंत्र्याच्या भाषणात नाही, तराजूवर वाचायचं.

आता त्याच्याही आत चला. २०१४ आधी सरकार बेकरीवाल्याला स्वस्तात पीठ द्यायचं आणि त्याने त्याची रोटी करून विकायची अशी पद्धत होती. बाजारात त्याच पिठाला कितीतरी जास्त भाव, मग पीठ मागच्या दाराने जायचं. आपल्याकडे रेशनचं धान्य काळ्या बाजारात कसं जातं हे ज्याने बघितलंय त्याला वेगळं समजवायला नको. २०१४ मध्ये पद्धत उलटी केली: बेकरीवाल्याने पीठ पूर्ण भावाने घ्यायचं, गिऱ्हाइकाने स्मार्ट कार्ड मशीनला लावायचं, माणशी दिवसाला पाच रोट्या, आणि जेवढ्या रोट्यांची नोंद होईल तेवढा फरक सरकार बेकरीला देणार. रोट्या कमी घेतल्या तर त्याचे पॉइंट मिळणार, त्यातून साखर-तेल घेता येणार. रांगा कमी झाल्या, हे खरं.

मग चोरी थांबली का? २०१६ मध्ये असं बाहेर आलं की देशांतर्गत गहू खरेदीत कागदावर जेवढा गहू आहे तेवढा गोदामात नाहीच. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि पुरवठामंत्री खालेद हनफी यांना ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला. आणि मार्च २०१७ मध्ये, ज्यांच्याकडे अजून प्लॅस्टिकचं कार्ड आलेलंच नव्हतं, त्यांना बेकरीवाल्याकडच्या कार्डावर ज्या रोट्या मिळायच्या त्यांचा कोटा कापला, तर अलेक्झांड्रिया आणि इतर काही शहरांत लोक रस्त्यावर उतरले.

हे एवढं सविस्तर का सांगितलं? "इजिप्तमधली अन्नसुरक्षा" पासून आपण कुठे पोचलो बघा: २०१४ च्या बदलानंतर गळती बंद झाली, की बेकरीतून निघून गोदामात गेली? या प्रश्नावर काम करता येतं. कुठलं खातं, कुठला कागद, कोणाला विचारायचं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, सगळं सांगता येतं. तुमच्या प्रश्नाला हीच कसोटी लावा. खातं, कागद, माणूस आणि काळ, या चारांतलं एक जरी सांगता येत नसेल तर प्रश्न अजून मोठाच आहे.

दुसऱ्या देशांतले असेच काही प्रश्न सुचवते. लेबनॉनमध्ये सरकारी वीज दिवसातले थोडे तासच येते आणि बाकी वेळ लोक गल्लीतल्या खासगी जनरेटरवाल्याला पैसे भरतात, त्याला इश्तिराक म्हणतात, तर त्याचा दर ठरवतं कोण आणि पाळतं कोण? जॉर्डनने २०१६ मध्ये युरोपशी करार केला की व्यापारात सवलत द्या, आम्ही सीरियन निर्वासितांसाठी २ लाख रोजगाराच्या संधी उघडतो, तर वर्क परमिट मिळणं आणि प्रत्यक्ष काम मिळणं यात अंतर किती? सौदीने २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट लावला आणि जुलै २०२० मध्ये एकदम १५ टक्के केला. तेलाच्या पैशावर चालणारं राज्य लोकांकडून कर घेत नाही म्हणून लोकही त्याला जाब विचारत नाहीत असं एक प्रसिद्ध मत आहे, रेंटियर स्टेट म्हणतात त्याला, हाझेम बेबलावी आणि जाकोमो लुचानी यांनी १९८७ मध्ये ते अरब देशांना लावून मांडलं (हेच बेबलावी पुढे २०१३ मध्ये इजिप्तचे पंतप्रधान झाले). मग कर आला तर काय बदललं, हे तपासण्यासारखं आहे.

तिसरी पायरी: शब्द

अरबी शिका. पूर्ण नाही जमलं तरी लिपी आणि दोन-तीनशे शब्द तरी. मराठी माणसाला इथे बरंच फुकट मिळालेलं आहे, आपली बरीचशी कचेरीची भाषा फारसीतून आली आणि फारसीत ती अरबीतून. जिल्हा, तहसील, महसूल, कायदा, वकील, अर्ज, हक्क, रयत, सगळे मुळात अरबी. पण जपून, अर्थ वाटेत बदललेत. आजच्या अरबीत महसूल म्हणजे शेतातलं पीक. अमल म्हणजे नुसतं काम. कायद्याला ते कानून म्हणतात, काइदा म्हणजे नियम किंवा पाया.

एक शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल, वास्ता. ओळख लावून काम करून घेणं. आपला वशिला. दोन्हीची धातू वेगळी, पण काम एकच. इंग्रजी लिखाणात वास्ताचं भाषांतर सरळ "भ्रष्टाचार" करून टाकतात ते मला पटत नाही. नातेवाइकाच्या पोराला कुठेतरी चिकटवणं हे तिथल्या मोठ्या माणसाला कर्तव्य वाटतं, नाही केलं तर तोच वाईट ठरतो. वशिला शब्द वापरत वाढलेल्या माणसाला ही दुहेरी गोष्ट लगेच समजते, तिचा फायदा घ्या.

दुसरं म्हणजे सियासा. पॉलिसीलाही हाच शब्द आणि पॉलिटिक्सलाही हाच. त्यामुळे तुम्ही धोरणाबद्दल विचारताय असं तुम्हाला वाटतं आणि समोरच्याला वाटतं हा राजकारणाबद्दल विचारतोय, मग तो गप्प. गव्हर्नन्ससाठी हौकमा असा नवा शब्द घडवलाय, तो सेमिनारमध्ये चालतो, दुकानदाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला बलदिय्याबद्दल विचारा, म्हणजे नगरपालिका, नाहीतर तमवीनबद्दल, म्हणजे इजिप्तचं रेशन. मग तो बोलतो.

आकड्यांचं एक सांगते, यात माझा अख्खा तक्ता वाया गेलाय. इजिप्तपासून आखातापर्यंत जे अंक छापतात त्यात पाच हा अगदी आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी ५० ला ० समजून, ठिपका धूळ समजून सोडून देऊन, पिठाच्या कोट्याचे आकडे भरत गेले आणि तीन आठवड्यांनी बेरीज जुळेना तेव्हा कळलं. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात मात्र इंग्रजीसारखेच अंक वापरतात. महिन्यांचंही तसंच, कैरोत जानेवारीला यनायिर म्हणतात, ट्युनिसला जान्फी, आणि बैरूत-दमास्कसकडे कानून अस्सानी, ज्याचा कायद्याशी काही संबंध नाही. आणि हो, माघरेबवर म्हणजे पश्चिमेच्या त्या तीन देशांवर काम करायचं तर फ्रेंच येणाऱ्याला निम्मा रस्ता मोकळा आहे.

चौथी पायरी: आकडे, आणि आकड्यांवर किती भरवसा

सगळ्यात पहिले लोक रँकिंग उघडतात. वर्ल्ड बँकेचे गव्हर्नन्स इंडिकेटर १९९६ पासून आहेत, सहा बाजूंनी देशाला मार्क देतात. वापरा, पण ते बहुतांशी तज्ज्ञांचं, कंपन्यांचं, संस्थांचं मत एकत्र केलेलं असतं हे विसरू नका.

ट्युनिशियाचं उदाहरण डोक्यात पक्कं ठेवा. २०१०-११ च्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या स्पर्धात्मकतेच्या यादीत ट्युनिशिया जगात ३२वा होता, बाहेरचे लोक त्याचं कौतुक करत होते. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझीदमध्ये मोहम्मद बुअझीझी या फळं-भाजी विकणाऱ्या तरुणाने, त्याचा माल जप्त झाल्यावर, स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. नंतर, २०१४ मध्ये, वर्ल्ड बँकेच्याच अभ्यासकांनी जप्त झालेल्या कंपन्यांची कागदपत्रं तपासली तर बेन अली कुटुंबाशी जोडलेल्या २२० कंपन्यांकडे खासगी क्षेत्राच्या नफ्यातला २१ टक्के हिस्सा जात होता. रँकिंग चालू होतं तेव्हाही हे चालूच होतं. सिदी बूझीद किनाऱ्यापासून आत आहे, तिथली बेकारी, तिथला हातगाडीवाला, हे राष्ट्रीय सरासरीत बुडून गेलं होतं. म्हणून जिल्हावार आकडा मिळत असेल तर देशाचा आकडा वापरू नका.

आणि वर्ल्ड बँकेचंच ते डूइंग बिझनेस रँकिंग, म्हणजे कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याची यादी, ज्यावर अर्ध्या जगाने भाषणं केली, ते सप्टेंबर २०२१ मध्ये कायमचं बंद केलं, कारण काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं आढळलं. त्या देशांत सौदी आणि अमिरातीही होते. जुन्या पेपरमध्ये त्याचे आकडे दिसले तर उचलू नका.

मग वापरायचं काय? अरब बॅरोमीटर, २००६ पासून वेगवेगळ्या देशांत सामान्य लोकांची मतं विचारतात, डेटा फुकट डाउनलोड होतो. दोहाच्या अरब सेंटरचा अरब ओपिनियन इंडेक्स २०११ पासून आहे. पण दोन्हीत एक गोष्ट बघत चला, कुठल्या देशात कुठला प्रश्न विचारलाच नाहीये. गाळलेला प्रश्न ही सुद्धा माहिती आहे. नोकरी, पगार, स्त्रियांचं काम यासाठी कैरोच्या इकॉनॉमिक रिसर्च फोरमचे लेबर मार्केट सर्व्हे सोन्यासारखे आहेत, इजिप्तमध्ये १९९८ पासून अनेकदा झालेत आणि त्याच घरांकडे परत परत जाऊन विचारलंय, त्यामुळे एकाच माणसाचं आयुष्य कसं सरकलं ते दिसतं. जॉर्डन आणि ट्युनिशियाचेही आहेत.

सरकारी आकडा कधी येतो आणि कधी यायचा थांबतो याची एक वेगळी वही ठेवा. इजिप्तच्या सांख्यिकी खात्याने, कॅपमास म्हणतात त्याला, गरिबीचा दर २०१७-१८ साठी ३२.५ टक्के सांगितला आणि २०१९-२० साठी २९.७, आणि त्यानंतर पाउंड घसरला, महागाई भडकली, तेव्हा पुढचा आकडा यायची वेळ झाली तरी आला नाही. लेबनॉनमध्ये तर शेवटची जनगणना १९३२ ची. हो, १९३२. तिथे राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, संसदेच्या १२८ जागा ख्रिस्ती आणि मुस्लिम निम्म्या-निम्म्या अशी वाटणी आहे, मग माणसं मोजली तर वाटणीच पुन्हा मांडावी लागेल म्हणून मोजतच नाहीत. तेव्हा लेबनॉनचा कुठलाही "दरडोई" आकडा दिसला की थांबा आणि विचारा, डोकी मोजली कोणी?

पाचवी पायरी: कागद

हे पटकन सांगते. राजपत्र बघायला शिका, प्रत्येक देशाचं असतं, ट्युनिशियाचं अरबी आणि फ्रेंच दोन्हींत निघतं. नाणेनिधीने कर्ज दिलेलं असेल तर त्यांचे स्टाफ रिपोर्ट वाचा, सरकार स्वतःच्या लोकांना जे सांगत नाही ते कधीकधी तिथे तळटीपेत असतं. वर्तमानपत्रं दोन घ्या, एक सरकारी आणि एक नसलेलं. इजिप्तसाठी अल-अहराम आणि मदा मस्र, दुसरं नुसती बातम्यांची वेबसाइट आहे, ती इजिप्तमध्ये २०१७ पासून ब्लॉक आहे पण आपल्याकडून उघडते. माहिती अधिकाराचा कायदा अरब देशांत पहिल्यांदा जॉर्डनने केला, २००७ मध्ये. ट्युनिशियाचा २०१६ चा कायदा वाचून बघा, आपल्याकडे आरटीआय टाकलेला कोणीही त्यातली कलमं ओळखेल.

सहावी पायरी: माणसं, आणि त्यांचा जीव

ही पायरी गंभीरपणे घ्या. जुलिओ रेजेनी नावाचा इटालियन मुलगा, २८ वर्षांचा, केंब्रिजला पीएचडी करत होता. विषय इजिप्तमधल्या स्वतंत्र कामगार संघटना, त्यात फेरीवाल्यांची संघटना. २५ जानेवारी २०१६ ला तो कैरोत बेपत्ता झाला आणि ३ फेब्रुवारीला रस्त्याच्या कडेला त्याचा मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा. मॅथ्यू हेजेस हा डरहमचा विद्यार्थी मे २०१८ मध्ये अमिरातीत पकडला गेला, हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप झाली, मग काही दिवसांतच माफी मिळून सुटला. फेरीवाले हा विषय आपल्याला किती साधा वाटतो. तिथे तो साधा नव्हता.

आणि हे तर बाहेरचे होते, त्यांच्या मागे त्यांचे देश उभे राहिले, जगभर बातम्या झाल्या. तुमच्याशी बोलणारा बेकरीवाला, नर्स, नगरपालिकेतला कारकून यांच्या मागे कोणी नसतं. तुम्ही विमानात बसून परत याल, तो तिथेच राहणार. त्यामुळे: इजिप्तमध्ये सर्व्हे करायचा तर कॅपमासची परवानगी लागते, ती नसेल तर सर्व्हे करायचा नाही. रेकॉर्डिंग नको. वहीत खरी नावं नकोत, गावाचं नावही बदला जर त्या गावात ते काम करणारा एकच माणूस असेल. व्हॉट्सअॅपवर प्रश्नावली पाठवू नका. आणि कोणी मध्येच "हे नको लिहू" म्हटलं तर वाद न घालता ते खोडा, कितीही भारी वाक्य असलं तरी.

पहिल्या कामासाठी तिकडे जायलाच हवं असंही नाही, आणि हीच ती सोय जी मी वर म्हटली. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात अशी गावं आहेत जिथे आखातात राहून आलेला माणूस प्रत्येक आळीत भेटतो. कफाला पद्धत, म्हणजे कामगाराचा व्हिसा एका मालकाला बांधलेला असणं, ही पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा त्यांच्या ओट्यावर बसून समजून घ्या. कतारने २०२० मध्ये कायदा बदलला, नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागणार नाही असं केलं, आणि मार्च २०२१ पासून सगळ्यांना किमान १००० रियाल पगार, शिवाय मालक राहायला-खायला देत नसेल तर त्याचे ५०० आणि ३०० वेगळे. हे कागदावर. आता दापोलीतल्या नाहीतर म्हसळ्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा, नोकरी बदलायला गेलास तेव्हा काय झालं, पगाराच्या पावतीवर किती होतं आणि हातात किती पडलं, जाण्याआधी एजंटला किती दिले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, म्हणजे कामासाठी जायला सरकारची मंजुरी लागते, त्यांना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नोंद करून जावं लागतं. कोणी ती चुकवून व्हिजिट व्हिसावर गेला असेल तर का, हेही विचारा. हे सगळं अरब देशांच्या कारभारावरचंच संशोधन आहे, आणि इथे बसून करता येतं. मात्र काळजी तीच. माणूस घरी आला असला तरी त्याचा भाऊ अजून तिथे कामाला असतो.

इतिहासाची आवड असेल तर मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षं, १९३२ पर्यंत, त्याचा कारभार मुंबईतून चालला, त्यामुळे येमेनच्या एका बंदराची पाणीपट्टी, बाजार, तुरुंग यांचे कागद आपल्या गावात आहेत. आखातात तर रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास वेगळा "गल्फ रुपया" काढला होता, तोवर आपलाच रुपया तिथे चालायचा. ज्यांना मुंबईला येणं जमत नाही त्यांनी कतार डिजिटल लायब्ररी उघडावी, ब्रिटिशांचे आखाताबद्दलचे हजारो कागद स्कॅन करून फुकट ठेवलेत.

सातवी पायरी: लिहिणं

आधी ठरवा वाचणार कोण. परदेशातल्या मराठी कामगारांसाठी काम करणारी संस्था वाचणार असेल तर दोन पानं, साधी भाषा, पहिल्या परिच्छेदात काय आढळलं ते, आणि शेवटी एक किंवा दोन गोष्टी ज्या त्यांच्या हातात आहेत. "कतारने कायदा पाळावा" ही शिफारस त्यांच्या काही कामाची नाही. "जाण्याआधीच्या प्रशिक्षणात पगाराची पावती वाचायला शिकवा" ही आहे. गाईडला द्यायचं असेल तर लांब लिहा, पण प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष आणि आकडा कोणाचा हे टाकाच.

"अरब मानसिकता", "त्यांच्या संस्कृतीतच आहे" अशी वाक्यं लिहिली गेली असतील तर ती काढून टाका आणि त्या जागी नियम, पैसा, रांग, अर्ज असं काहीतरी दिसणारं शोधा. ते सापडलं नाही तर त्या ठिकाणी तुमचं काम अपुरं आहे, आणखी खणा.

आणि छापायच्या आधी त्या देशातल्या एका तरी माणसाला वाचायला द्या. मी माझं रोटीवरचं लिखाण एका इजिप्शियन मैत्रिणीला दाखवलं होतं, ती आर्थिक बाजूवर काहीच बोलली नाही, फक्त एवढंच म्हणाली की तू पाच रोट्यांचा हिशोब माणशी केलास पण आमच्याकडे रोट्या आणायला सकाळी मुलींना पाठवतात, त्यांच्या शाळेचा वेळ तू कुठे धरलास? मी पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि रांगेच्या वेळेचा एक वेगळा रकाना आखला.